पाणी गाळायचा खर्च कोणाचा?

देवासच्या मुख्य रस्त्याला एकेकाळी दोन धनी होते. रस्त्याची एक बाजू थोरल्या पातीची, दुसरी धाकट्या पातीची. तुकोजीराव आणि जिवाजीराव या पवार बंधूंनी अठराव्या शतकात माळव्यात बस्तान बसवले. पुढे एकाच गावात दोन राजे, दोन कारभार आणि समोरासमोरच्या घरांसाठी दिवाबत्तीची नि पाण्याची वेगवेगळी व्यवस्था, असा जगावेगळा संसार त्यांच्या वंशजांनी संस्थाने विलीन होईपर्यंत चालवला. बाहेरच्यांना या प्रकाराचे हसू येई. पण एक गोष्ट तेव्हा स्वच्छ होती. घरात पाणी आले नाही तर कोणत्या वाड्यावर जाऊन ओरडायचे, हे ठरलेले होते.

आज त्याच रस्त्यावरच्या रहिवाशाने हा प्रश्न विचारला तर त्याला बरेच दरवाजे दाखवले जातील. धरण एका खात्याचे, नर्मदेचे पाणी नर्मदा घाटी विकास प्राधिकरणाचे, शुद्धीकरण केंद्र महापालिकेचे. बांधकामाचा पैसा थोडा केंद्राचा, थोडा राज्याचा, उरलेला कर्जाचा. ७४व्या घटनादुरुस्तीने १९९३पासून शहराचा पाणीपुरवठा बाराव्या अनुसूचीत घातला आणि तो नगरपालिकांच्या कामांच्या यादीत आला. जबाबदारी खाली उतरली, तिजोरी वरच राहिली. ‘शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रासाठी राज्याने निधी द्यावा’ हे वाक्य महापौरांच्या, आमदारांच्या निवेदनांत वर्षानुवर्षे का येत राहते, त्याचे मूळ इथे आहे. मागणी रास्तच आहे. पण नेमके काय मागितले जाते, किती पदरात पडते आणि पदरात पडल्यावर त्याचे काय होते, हे तपासायला माळव्याइतका चांगला मुलूख नाही.

सुरुवात देवासच्याच एका दिवसापासून करावी लागते. २५ एप्रिल १९९० रोजी इंदूरहून पाण्याचे पन्नास टँकर घेऊन एक रेल्वेगाडी देवास स्टेशनात आली. ढोलताशे वाजले, मंत्री हजर होते, रेल्वेने आलेले पाणी त्यांनी पिऊन दाखवले आणि योजनेचे उद्घाटन झाले. पर्यावरणाचे अभ्यासक अनुपम मिश्र यांनी हा प्रसंग आपल्या ‘आज भी खरे हैं तालाब’ या पुस्तकात नोंदवून ठेवला आहे. त्याआधीच्या दशकांत शहरातले तलाव बुजत गेले होते, त्यांच्या जागी घरे आणि कारखाने उभे राहिले होते आणि सगळी भिस्त कूपनलिकांवर गेली होती. कूपनलिका आटल्या तेव्हा गाव कोरडे पडले. मग पाणी रेल्वेने आणायचे, स्टेशनातून पंपाने टाक्यांत चढवायचे आणि तिथून वाटायचे. या सगळ्यात सर्वांत बोलका तपशील आहे रेल्वेभाड्याचा. रोजचे भाडे हजारोंत होते आणि राज्य सरकार ते केंद्राकडून माफ करून घेत होते. म्हणजे शहराच्या तहानेसाठी वरून पैसा आला, पण तो रुळांवरून वाहून गेला. त्यातून एक गाळणी उभी राहिली नाही, एक तलाव मोकळा झाला नाही.

सव्वीस वर्षांनी, एप्रिल २०१६मध्ये, मिरजेहून लातूरला ‘जलदूत’ ही पाण्याची रेल्वेगाडी गेली. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी पोहोचले, पुढे पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली. महिन्याभरात रेल्वेने सुमारे चार कोटींचे बिल पाठवल्याची बातमी आली आणि हे पैसे कोणी भरायचे यावर वाद रंगला. टंचाईत सरकारची थैली पटकन सुटते. टंचाई टळावी म्हणून थैली सोडवायची तर दहा-दहा वर्षे खेटे घालावे लागतात.

देवासच्या बाबतीत आणखी एक विसंगती आहे. सत्तरच्या दशकात इथे बँक नोट प्रेस आली आणि पाठोपाठ मोठमोठे कारखाने. २०००नंतरच्या दशकात या कारखान्यांसाठी नर्मदेकाठच्या नेमावरहून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास लांबीची स्वतंत्र जलवाहिनी टाकली गेली. खासगी भांडवल, तीस वर्षांचा करार, दिवसाला २३ दशलक्ष लिटर क्षमता. उद्योगांसाठी अशा करारावर उभ्या राहिलेल्या देशातल्या सुरुवातीच्या योजनांपैकी ही एक. कारखाने प्रत्येक हजार लिटरचे दाम मोजायला तयार होते, म्हणून पैसा चालत आला. घरगुती नळधारक तेवढे दाम मोजू शकत नाही, आणि त्याने मोजावेत अशी अपेक्षाही नाही. म्हणून त्याच्या वाट्याला निवेदन, ठराव आणि वाट पाहणे आले. 

शहराचे पाणी मुख्यतः आग्रा-मुंबई रस्त्यावरच्या क्षिप्रा गावाजवळील बंधाऱ्यातून येते. क्षिप्रा उन्हाळ्यात आटते, तेव्हा तिच्यात नर्मदा सोडायची ही कल्पना २०१४मध्ये प्रत्यक्षात आली. नर्मदा-क्षिप्रा सिंहस्थ जोड योजनेला ४३२ कोटी रुपये खर्च आला. ओंकारेश्वर प्रकल्पाचे पाणी चार टप्प्यांत साडेतीनशे मीटरच्या आसपास वर चढवून इंदूरजवळ उज्जैनी गावी क्षिप्रेच्या उगमात सोडले जाते. उज्जैन आणि देवासच्या पिण्याच्या पाण्याची सोय हा या योजनेच्या उद्देशांपैकी एक. पण नदीत पाणी असणे आणि घरात पिण्याजोगे पाणी येणे यांच्यामध्ये एक इमारत असते. निवेदनांत तिचा उल्लेख एका ओळीत होतो, म्हणून तिच्यात थोडे डोकावले पाहिजे.

माळव्यात पहिला दणक्याचा पाऊस झाला की काळ्या मातीचे लोट नदीत येतात. शुद्धीकरण केंद्रावरच्या प्रयोगशाळेत तेव्हा काचेची सहा भांडी एका ओळीत ठेवलेली दिसतात. प्रत्येकात तेच गढूळ पाणी, पण तुरटीची मात्रा वेगळी. यंत्राच्या पात्या सगळी भांडी आधी भरभर आणि मग संथ ढवळतात, थोडा वेळ पाणी स्थिर ठेवले जाते आणि ज्या भांड्यात कमीत कमी तुरटीत गाळ नीट खाली बसला, ती मात्रा त्या पाळीसाठी ठरते. केंद्रावरचे लोक याला ‘जार टेस्ट’ म्हणतात. मे महिन्यात जेवढी तुरटी लागते तिच्या कितीतरी पट जुलैत लागते. तुरटी मिसळलेले पाणी मोठ्या गोल टाकीत संथ फिरते, मातीचे कण एकमेकांना चिकटून जड होतात नि तळाशी बसतात. वरचे निवळलेले पाणी वाळूच्या गाळण्यांवर जाते. गाळणी तुंबली की तिच्यातून उलट्या दिशेने हवा आणि पाणी सोडून ती धुवावी लागते. हा ‘बॅकवॉश’ वेळेवर झाला नाही तर बाहेर सगळे ठाकठीक दिसते, नळाला मात्र गढूळ पाणी येते. शेवटी क्लोरीन. भारतीय मानकानुसार गढूळपणा १ एनटीयूपर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर ५पर्यंत चालतो. क्लोरीनचा अंश शेवटच्या नळापाशी लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम उरला पाहिजे. गावोगावचे पाणीपुरवठा कर्मचारी ज्याला ‘ओटी टेस्ट’ म्हणतात तिच्यात पाण्यात दोन-चार थेंब टाकल्यावर पिवळी छटा येते का, एवढेच पाहायचे असते. ही छटा आली नाही तर वरच्या कोट्यवधींच्या बांधकामाला काही अर्थ उरत नाही.

या इमारतीचा आकार कसा ठरतो? केंद्र सरकारच्या निकषाप्रमाणे भुयारी गटारे असलेल्या किंवा होऊ घातलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर धरायचे. २०११च्या जनगणनेत देवासची लोकसंख्या २,८९,५५० होती. साधा गुणाकार केला तर दिवसाला ३९ दशलक्ष लिटर, गळतीसाठी १५ टक्के धरले तर ४५. हा २०११चा हिशेब. शुद्धीकरण केंद्र मात्र पुढच्या पंधरा वर्षांचा अंदाज धरून बांधायचे असते. इथेच पहिली मेख आहे. लोकसंख्येचा अंदाज कमी धरला तर केंद्र उद्घाटनाच्या दिवशीच अपुरे, फुगवून धरला तर राज्याचा तांत्रिक विभाग प्रस्ताव परत पाठवतो. एका फायलीच्या अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की लोखंड, सिमेंट आणि मजुरीचे दर बदललेले असतात.

निधीच्या वाटा काळाप्रमाणे बदलत गेल्या. २००५मध्ये जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान आले आणि छोट्या-मध्यम शहरांसाठी त्याची बहीण योजना. तिच्यात केंद्र ८० टक्के, राज्य १० आणि पालिका १० अशी उदार वाटणी होती. जून २०१५च्या ‘अमृत’मध्ये एक लाखावरची पाचशे शहरे घेतली. दहा लाखांपर्यंतच्या शहरांना केंद्राचा निम्मा वाटा, त्यावरच्यांना एक तृतीयांश. ऑक्टोबर २०२१च्या ‘अमृत २.०’ने सगळी शहरे आत घेतली, पण केंद्राचा हात आखडला. एक लाखाखालील गावांना निम्मे, एक ते दहा लाखांना एक तृतीयांश, त्यापुढे फक्त एक चतुर्थांश. पैसा येतो तोही २०, ४०, ४० असा तीन हप्त्यांत, आणि पुढचा हप्ता मागच्याच्या उपयोगिता प्रमाणपत्रावर अवलंबून. राहिलेली रक्कम राज्याने आणि शहराने उभी करायची. मध्य प्रदेशाने २०१२च्या सुमारास मुख्यमंत्री शहरी पेयजल योजना आणून थोडे अनुदान आणि बरेचसे कर्ज, त्यातले मोठे हप्ते राज्य फेडणार, असा मार्ग काढला. पुढे आशियाई विकास बँक आणि जागतिक बँकेची कर्जे घेऊन मध्य प्रदेश अर्बन डेव्हलपमेंट कंपनीमार्फत छोट्या गावांच्या योजना हाती घेतल्या. हिशेब सरळ आहे. केंद्राची टक्केवारी ८०वरून २५ ते ५०वर आली, तशी ‘राज्याने द्यावे’ ही हाक मोठी होत गेली.

ही हाक कधी ऐकली जाते? याचे माळव्यातले सर्वांत ठसठशीत उदाहरण इंदूरचे. होळकरांच्या काळात बिलावली तलाव आणि १९३९चा यशवंत सागर यांवर शहर भागत होते. साठच्या दशकात ते पुरेना. नर्मदा सत्तर किलोमीटरवर, विंध्याच्या पलीकडे आणि चारशे-पाचशे मीटर खाली. ती शहरात आणणे तज्ज्ञांना वेडेपणा वाटे. जुलै १९७०मध्ये इंदूरकर रस्त्यावर उतरले. विद्यार्थी, कामगार, व्यापारी, सगळ्या पक्षांचे लोक. अभ्यास मंडळासारखी व्याख्याने भरवणारी संस्था आणि तिचे मुकुंद कुलकर्णी यांच्यासारखे मराठी कार्यकर्ते त्यात पुढे होते. २३ ऑगस्ट १९७० रोजी मुख्यमंत्री श्यामाचरण शुक्ल यांनी योजना जाहीर केली आणि १९७८मध्ये जलूद येथून शुद्ध केलेले नर्मदेचे पाणी शहरात पोहोचले. घोषणा ते नळ यांत आठ वर्षे. आजच्या मानाने हा वेग डोळे दिपवणारा आहे. त्या आंदोलनाची ताकद अशी, की त्याने रकमेचा आकडा नव्हे तर एकच स्रोत, एकच योजना मागितली आणि शहरातल्या कोणीही दुसरा सूर लावला नाही.

शेजारच्या खंडव्याची गोष्ट नेमकी उलटी. सुक्ता धरणाचे पाणी कमी पडू लागले म्हणून इंदिरा सागरच्या फुगवट्यातून, चारखेड्याहून पन्नासेक किलोमीटर पाणी आणायचे ठरले. योजना १०६ कोटींहून अधिक रकमेची, केंद्र आणि राज्याचे अनुदान मिळून मोठा वाटा, आणि बांधून चालवायला पंचवीस वर्षांसाठी खासगी कंपनी. अनुदान सार्वजनिक, कारभार खासगी. डिसेंबर २०१२मध्ये नळजोडणीचे नवे नियम आणि हजार लिटरला ११.९५ रुपये दर पुढे आला तेव्हा शहर खवळले. दहा हजारांहून अधिक हरकती दाखल झाल्या. एवढ्याशा शहरात हा आकडा लहान नव्हे. पुढे जलवाहिनी वारंवार फुटू लागली आणि ‘पाइप फुटला’ ही खंडव्यात नेहमीची बातमी झाली. निधी मिळवताना कोणत्या जातीचा पाइप घ्यायचा, फुटला तर कोण बदलणार, दर कोण ठरवणार हे प्रश्न किरकोळ वाटतात. किरकोळ वाटतात तेवढ्यापुरतेच.

महाराष्ट्रात या विषयाचा मेरुमणी म्हणजे छत्रपती संभाजीनगर. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी जमिनीखालून नहर बांधून ज्या शहराला विजेशिवाय पाणी दिले, ते शहर आज पैठणच्या नाथसागराकडे डोळे लावून आहे. धरण चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर, तरी नळाला पाणी पाच-सहा दिवसांनी, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा. २००९च्या सुमारास समांतर जलवाहिनीला केंद्राची मंजुरी मिळाली, २०११मध्ये खासगी कंपनीशी करार झाला, २०१४मध्ये तिने ताबा घेतला आणि २०१६मध्ये महापालिकेने करारच मोडला. दरम्यान आलेल्या अनुदानाच्या पैशाचे व्याज किती झाले यावरच शहरात अधिक चर्चा झाली. मग १,६८० कोटींची नवी योजना आली. १२ डिसेंबर २०२० रोजी तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी तिचे भूमिपूजन केले. अडीच मीटर व्यासाची जलवाहिनी, नक्षत्रवाडीला ३९२ दशलक्ष लिटरचे शुद्धीकरण केंद्र. योजना ‘अमृत २.०’मध्ये घालताना किंमत २,७४० कोटींवर गेली, म्हणजे साठ टक्क्यांहून अधिक वाढली. शहर दहा लाखांवरचे, त्यामुळे केंद्राचा वाटा फक्त २५ टक्के, राज्याचा ४५ आणि महापालिकेचा ३०. हे तीस टक्के म्हणजे ८२२ कोटी. कर्मचाऱ्यांचे पगार आणि कंत्राटदारांची देणी भागवताना मेटाकुटीला येणाऱ्या पालिकेने ते कुठून आणायचे? राज्याने भरावेत म्हणून मागणी झाली, मंत्र्यांनी आश्वासने दिली, शेवटी २०२५मध्ये हुडको या सरकारी वित्तसंस्थेकडून कर्ज उभारून हा हिस्सा भागवायचा मार्ग निघाला. कर्ज कर्जच असते. दरम्यान कामाची मुदत पुन्हा पुन्हा वाढत राहिली आणि मुंबई उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ कामाच्या प्रगतीचा आढावा घेत राहिले. योजनेच्या बाजूने सगळे पक्ष होते, निधी मंजूर होता, तरी कोर्टाला पाइपांची लांबी मोजायची वेळ आली, यातच काय ते आले.

कोल्हापूरची थेट पाइपलाइन त्या मानाने पार पडली म्हणायची. पंचगंगेच्या प्रदूषणाला कंटाळलेल्या शहराने काळम्मावाडी धरणातून पाणी मागायला तीसेक वर्षे लढा दिला. डिसेंबर २०१३च्या सुमारास केंद्राची मंजुरी, ५३ किलोमीटरची वाहिनी, पुईखडीला नवे शुद्धीकरण केंद्र, आणि नोव्हेंबर २०२३च्या दिवाळीत पाणी. काँग्रेसचे नेते सतेज पाटील यांनी या पाण्याने अभ्यंगस्नान केल्याची छायाचित्रे सगळ्या वर्तमानपत्रांत आली. ही दिवाळी शहराच्या लक्षात राहील. त्यानंतर पंप बंद पडून दोन-दोन दिवस पाणी न आल्याचे प्रसंगही लक्षात राहतील.

शेजारच्या इचलकरंजीने या प्रश्नाची सगळ्यात जबर किंमत मोजली. २०१२च्या उन्हाळ्यात तिथे काविळीची साथ आली, हजारो लोक आजारी पडले, माणसे दगावली. त्यानंतर पैसा हा मुख्य अडथळा राहिलाच नाही. वारणेवर दानोळीतून योजना मंजूर झाली, तिथल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. मग दूधगंगेवर सुळकूडहून १६० कोटींची योजना आली, तिला कागलकडून विरोध झाला. नदीकाठच्या गावांचे म्हणणे असे, की पंचगंगा तुमच्या दाराशी वाहते, ती घाण कोणी केली? हा प्रश्न अवघड आहे, पण खोटा नाही. राज्याने निधी देताना नदी स्वच्छ करण्याची जबाबदारी त्याच प्रस्तावात घातली असती तर या भांडणाची धार कदाचित बोथट झाली असती.

छोट्या गावांचे दुखणे वेगळे.  राजगढ हे नेवज नदीकाठचे, स्वतः जिल्ह्याचे ठिकाण. देवासच्या पवारांकडे असलेले सारंगपूर आज याच राजगढच्या जिल्ह्यात आहे. या जिल्ह्यात नेवजेवर मोहनपुरा धरण झाले, २३ जून २०१८ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. काली सिंधवर कुंडालिया धरण झाले. मध्य प्रदेश जल निगमाने या पाण्यावर शेकडो खेड्यांच्या समूह योजना आखल्या आणि त्यांची मोठी शुद्धीकरण केंद्रे केंद्र-राज्याच्या पैशातून उभी राहिली. खेड्याला आपल्या केंद्राचा हिस्सा शोधत फिरावे लागत नाही. त्याच धरणाच्या शेजारची नगर परिषद मात्र वेगळ्या खात्यात, वेगळ्या योजनेत, वेगळ्या रांगेत उभी. एका धरणाकाठी दोन विभागांची दोन शुद्धीकरण केंद्रे बांधण्यापेक्षा एकाच केंद्राची क्षमता वाढवून शहराला ठोक पाणी विकत देणे अनेक ठिकाणी स्वस्त पडेल. खात्यांच्या भिंती आड येतात, एवढेच.

याबाबतीत तमिळनाडूने २००३मध्ये एक चांगला पायंडा पाडला. चेन्नईच्या आसपासच्या डझनभर छोट्या शहरांनी, ज्यांना एकट्याने कोणी दारात उभे केले नसते, एकत्र येऊन राज्याच्या निधीमार्फत सुमारे तीस कोटींचे रोखे विकले. अमेरिकेत १९९६च्या कायद्याने प्रत्येक राज्यात पिण्याच्या पाण्यासाठी फिरता निधी उभारला. तिथले केंद्र सरकार भांडवल देते, राज्य त्यात वीस टक्के घालते, पालिका कमी व्याजाने कर्ज घेते आणि फेडलेला पैसा पुढच्या गावाच्या शुद्धीकरण केंद्राला जातो. आपल्याकडे अनुदान एकदा खर्च झाले की संपते. आणि कर्ज राज्यच फेडणार असेल तर फेडायची शिस्त पालिकेला कधी लागत नाही.

आता खऱ्या दुखण्याकडे. बांधायला पैसा मिळतो, चालवायला मिळत नाही. केंद्रावर तुरटी, क्लोरीन, वीज आणि माणसे असा खर्च रोज होतो, वर्षानुवर्षे. नर्मदेसारखे खोल पाणी उचलायचे तर वीज बाकी सगळ्यांवर मात करते. इंदूरला पाणी वर चढवायला महिन्याला पंचवीस कोटींच्या घरात वीजबिल येते. यावर उपाय म्हणून इंदूर महापालिकेने फेब्रुवारी २०२३मध्ये ८.२५ टक्के व्याजाचे २४४ कोटींचे हरित रोखे विकले. सामान्य गुंतवणूकदारांनीही ते घेतले. त्या पैशातून जलूदला ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायचे ठरले. राज्याकडे हात न पसरता महापालिका बाजारात गेली, हे उल्लेखनीय खरेच. पण इंदूरची पत देवासकडे नाही आणि देवासची पत राजगढकडे नाही. मोठ्या शहराच्या यशाची उदाहरणे छोट्या शहरांच्या तोंडावर फेकण्यात अर्थ नाही.

छोट्या गावासाठी मलकापूरचे उदाहरण जास्त उपयोगी. कराडशेजारच्या या नगरपंचायतीने महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या साहाय्याने २००९च्या सुमारास चोवीस तास पाणी द्यायला सुरुवात केली. प्रत्येक घराला मीटर लावला आणि जास्त वापराला चढता दर ठेवला. चोवीस तास पाणी दिले तर पाणी उधळले जाईल, असे सगळे म्हणत होते; मीटर असल्यामुळे वापर उलट घटला. नळात सतत दाब असल्याने बाहेरची घाण आत शिरण्याचा धोकाही कमी झाला. या कामाला लोकप्रशासनासाठीचा पंतप्रधान पुरस्कार मिळाला. सरकारी पैसा इथेही होताच. फरक इतकाच, की बिलाचा पैसा परत शुद्धीकरण केंद्रावर येत होता. गळतीत आणि बेकायदा नळांत किती पाणी जाते ते न मोजता नवे केंद्र मागणारी पालिका गळक्या माठात पाणी ओतत असते. ‘अमृत २.०’ने बिनहिशेबी पाणी वीस टक्क्यांखाली आणायची अट घातली आहे. बहुतेक शहरांकडे आज किती पाणी हिशेबाबाहेर जाते, याची खात्रीची नोंदही नाही, कारण मीटरच नाहीत.

देवास जिल्ह्यातलाच आणखी एक दाखला शहरवाल्यांनी पाहण्यासारखा आहे. २००६मध्ये तत्कालीन जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी भगीरथ कृषक अभियान सुरू केले आणि शेतकऱ्यांनी आपापल्या रानात हजारो तळी खोदली. सुरुवातीला अनुदान नव्हते. बँकेचे कर्ज आणि घरचा पैसा. तळ्यातल्या पाण्यावर रब्बी साधते हे दिसल्यावर खर्च भरून निघाला. पिण्याच्या पाण्याचा खर्च असा पिकातून निघत नाही, त्यामुळे ही तुलना जशीच्या तशी शहराला लागू होणार नाही. मात्र खर्च करणाऱ्याला आपल्या गुंतवणुकीचे फळ दिसत असेल तर तो काटकसर करतो, एवढे त्यातून घ्यावे. शहरात भरलेली पाणीपट्टी आणि नळातले पाणी यांचा संबंध नागरिकाला दिसत नाही. त्यामुळे थकबाकी वाढते, दर वाढवायला कोणी नगरसेवक धजत नाही, आणि पुन्हा निवेदन राजधानीकडे जाते.

या सगळ्यातून निवाडा काढायचा तर असा: जलशुद्धीकरण केंद्रासाठी राज्याने पैसा देणे ही मेहरबानी नव्हे. घटनेने जबाबदारी खाली टाकली आणि कराची साधने वर ठेवली, त्याची ती भरपाई आहे. एक लाखाखालील गावांना तर राज्याने आपला हिस्सा पूर्ण अनुदानातच द्यावा, कर्जाच्या रूपात नको. पण बांधकामाच्या रकमेवर थांबणारे निवेदन अर्धवट असते. देवास, धार किंवा राजगढच्या पुढच्या ठरावात केंद्राच्या किमतीशेजारी पहिल्या दहा वर्षांच्या तुरटीचा, क्लोरीनचा, विजेचा आणि प्रशिक्षित माणसांच्या पगाराचा आकडा असावा; वरच्या बाजूला कारखाने असतील तर नदीत काय सोडले जाते, त्याची नोंद असावी; आणि शेवटच्या नळाची ओटी टेस्ट महिन्यातून किती वेळा आणि कोणासमोर होणार, हे लेखी असावे. हे कागद नगरसेवकाकडे मागायचा हक्क पाणीपट्टी भरणाऱ्या प्रत्येकाला आहे. वॉर्डाच्या पुढच्या सभेत तो मागावा.